तिसरा रकाना

पहाटे ५.३०

नळाला पाणी आलेलं. ताईने आधी पिंप भरलं, मग चहा टाकला. चहा उकळेपर्यंत जेवायचं टेबल पुसून कोरडं केलं, वर जुनं वर्तमानपत्र अंथरलं आणि त्यावर फॉर्म मांडले.

सोमवार, २८ फेब्रुवारी २०११. जनगणनेचा शेवटचा दिवस. ताई पुणे महापालिकेच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. ९ तारखेपासून ती प्रगणकही आहे. शहराच्या जुन्या भागातला एक गट तिच्याकडे आलाय, दीडशेच्या आसपास कुटुंबं. बहुतेक झाली. कुलूपबंद होती ती घरं राहिलीत, तृतीयपंथीयांचा एक डेरा राहिलाय, आणि रात्री बेघरांची मोजणी आहे. रात्रीच्या कामाला घरचं कोणीतरी बरोबर हवं, म्हणून आज मी तिच्यासोबत. पिशवी माझ्या खांद्यावर.

जनगणनेत माणूस जे सांगतो ते गुप्त राहतं. १९४८ च्या कायद्यातच तसं आहे. म्हणून लोकांच्या घरी मी उंबऱ्याबाहेर थांबायचं, हे आधी ठरलं. इथे पेठेचं नाव देत नाही, माणसांची नावं देत नाही, ओळख पटेल अशा खुणा बदलल्यात. डेऱ्यातलं मात्र सविस्तर लिहितो. तिथल्या थोरल्यांनीच मला आत बोलावलं आणि लिही म्हणून सांगितलं.

फॉर्म मोठे आहेत. घडी घालायची नाही, चुरगळायचे नाहीत, तेलकट बोट लावायचं नाही. ते पुढे स्कॅनरमधून जाणार, अक्षर यंत्र वाचणार. आकडा चौकटीच्या मधोमध हवा, रेघेला चिकटता कामा नये. ताईने दोन पुठ्ठ्यांमध्ये फॉर्म ठेवून वर रबर लावलं. पेनं तीन, पाच रुपयांची. लिहायचं पॅड पंचवीसचं. नजरी नकाशाची झेरॉक्स एक रुपया. परवा चपलेचा अंगठा तुटला, त्याचे पाच. वहीच्या मागच्या पानावर हे सगळं लिहिलेलं आहे. मानधन मिळणार आहे. कधी, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

सकाळी ७.१५

शाळा. प्रार्थना, हजेरी, गुणाकार. शाळा सांभाळून जनगणना करायची आहे, त्यामुळे वर्ग चालूच. शिक्षकांच्या खोलीत चार प्रगणक एका बाकावर. एकीचा घसा बसलाय. दुसऱ्या सरांना काल कुत्रं आडवं आलं आणि ते जिन्यात घसरले. गुडघ्यावर पट्टी आहे. बोलणं एकच. तुमची किती राहिली?

दुपारी १२.४०

अमृततुल्यमध्ये उभ्याने चहा आणि क्रीमरोल. टीव्हीवर अर्थसंकल्प चाललाय, प्रणव मुखर्जींचं भाषण झालंय आणि आता चर्चा. त्याकडे कोणाचं लक्ष नाही. काल रात्री बंगळुरात भारत-इंग्लंड सामना बरोबरीत सुटला, दोघांच्याही ३३८ धावा, आणि दुकानातला प्रत्येक माणूस शेवटची ओव्हर पुन्हा टाकतोय. ताईने पिशवीतून नकाशा काढला आणि बाकी घरांवर बोट फिरवलं. मागच्या उन्हाळ्यात घरयादी झाली तेव्हा टाकलेले क्रमांक अजून काही दारांवर दिसतात. काहींनी रंग काढलाय, तिथे शेजाऱ्यांना विचारायचं.

दुपारी १.१०

पहिलं कुलूप उघडलंय. नवरा-बायको दोघंही नोकरदार, आज मुलाला ताप म्हणून आई घरी. ताई दारातल्या खुर्चीवर बसली. मांडीवर पॅड. मी जिन्यात.

प्रश्न एकोणतीस आहेत. पहिला नाव, दुसरा कुटुंबप्रमुखाशी नातं, तिसरा लिंग. चौकटीत एक आकडा. पुरुष १, स्त्री २, इतर ३. तिसरा आकडा यंदा प्रथमच आला. २००१ पर्यंत दोनच होते, आणि तृतीयपंथीयांना पुरुषांत मोजा अशी सूचना होती.

मी जिन्यातून ताईचा हात बघत होतो. नाव ती विचारते. नातं विचारते. तिसरा रकाना विचारत नाही. 'राजेंद्र' लिहून झालं की पेन स्वतःहून पुढे जातं, १. 'सुनीता', २. नाव आणि नातं कळलं की तिसरं उत्तर आलंच असं धरलं जातं. त्यात ताईचा आळस नाही. एकोणतीस प्रश्न, घरात पाच माणसं, मुलाला ताप, बाईंचं लक्ष आत. कोणत्याही प्रगणकाचं पेन असंच चालतं. समोर बसलेल्या बाईला जर विचारलं, "तुमचे यजमान पुरुष ना?", तर ती फॉर्म परत देईल.

पुढच्या घरात मात्र ताईचं पेन थांबलं. धाकट्याचं नाव 'किरण'.

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

२.

दुपारभरात तिसरा रकाना तोंडाने विचारला गेला तो एवढाच.

दुपारी २.३०

जुना वाडा. खाली दगडी चौक, वर लाकडी गॅलरी. गॅलरीतच सगळं बोलणं चालतं, त्यामुळे बाहेर थांबूनही ऐकू येतं. घरमालक निवृत्त आहेत, चष्मा लावून सावकाश सांगतात. दोन मुलगे. थोरला कंपनीत. धाकटा कॉलेजात, १९ वर्षं पूर्ण.

धाकटा दाराच्या आत उभा होता. केस खांद्यापर्यंत, मागे रबराने बांधलेले. नखांना फिकट रंग, अर्धा खरवडलेला. वडील नाव सांगत होते, तो वडिलांच्या पाठीकडे बघत होता. मग ताईकडे बघितलं. ताईने बघितलं.

"मुलगा," वडील म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं.

ताईने १ लिहिला.

जिन्यावरून उतरताना ती काही बोलली नाही. चौकातल्या नळावर पाणी प्यायली आणि मग म्हणाली, "प्रशिक्षणात सांगितलंय, आपण होऊन 'इतर'बद्दल विचारायचं नाही. त्यांनी सांगितलं तरच तीन."

नियमामागचं कारण मला पटतं. प्रत्येक दारात हा प्रश्न विचारला तर भांडणं होतील, आणि एखाद्याचं गुपित त्याच्याच घरच्यांसमोर उघडं पडेल. पण 'सांगितलं तर' याचा अर्थ ज्याच्या हातात उत्तर देणं आहे त्याने सांगितलं तर. घरात उत्तर द्यायला एकच माणूस बसतो. त्या दुपारी तो एकोणीस वर्षांचा मुलगा नव्हता. ते पोर स्वतःला काय म्हणतं हे मला ठाऊक नाही, म्हणून मीही इथे वडिलांचाच शब्द वापरलाय, आणि तो लिहिताना मला बरं वाटत नाही.

दुपारी ३.३०

शाळेच्या आवारात पर्यवेक्षकांची वाट. सहा प्रगणकांमागे एक पर्यवेक्षक. त्यांच्याकडे स्कूटर आहे, पेट्रोल स्वतःचं. ते येईपर्यंत ताईने लिंबाच्या पारावर बसून दुपारचे फॉर्म तपासले. एके ठिकाणी आकडा रेघेला टेकला होता.

या रिकाम्या वेळात, पुढच्या काही वर्षांत इतर देशांनी हाच रकाना कसा भरला, ते सांगून टाकतो.

नेपाळनेही २०११ मध्येच तिसरा पर्याय दिला, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या निकालानंतर. पाकिस्तानात २०१७ च्या जनगणनेच्या तोंडावर लाहोर उच्च न्यायालयाने सांगितलं म्हणून तृतीयपंथीय वेगळे मोजले. संख्या आली १०,४१८. बांगलादेशाने २०२२ मध्ये हिजडा समाज वेगळा मोजला, १२,६२९. एवढ्या मोठ्या देशांत एवढे थोडे, हे तिथल्या संघटनांना पटलं नाही, आणि मलाही पटत नाही. आपल्याकडे बिहारने २०२३ च्या जातगणनेत वेगळीच गल्लत केली. किन्नरांना जातींच्या यादीत क्रमांक दिला, जणू ती एक जात आहे. संख्या आली ८२५. त्याच बिहारात २०११ ला 'इतर' होते ४०,८२७.

कॅनडाने २०२१ मध्ये एकाचे दोन प्रश्न केले. जन्माच्या वेळचं लिंग कोणतं, हा एक. आज स्वतःची ओळख काय, हा दुसरा, आणि त्यात स्वतःच्या शब्दांत लिहायला जागा. पंधरा वर्षांवरच्या एक लाखाहून थोड्या जास्त लोकांनी आपण ट्रान्सजेंडर किंवा नॉनबायनरी असल्याचं नोंदवलं. इंग्लंड आणि वेल्सनेही त्याच वर्षी सोळा वर्षांवरच्यांना विचारलं, ऐच्छिक म्हणून. २ लाख ६२ हजार लोकांनी आपली ओळख जन्मनोंदीहून वेगळी असल्याचं सांगितलं. पण प्रश्नाचं वाक्य इतकं अवघड की इंग्रजी कमी येणाऱ्या अनेकांनी ते उलटं वाचलं असावं, अशी शंका निघाली. २०२४ मध्ये तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने त्या आकड्यांचा दर्जा खाली आणला. प्रश्न विचारणं आणि तो समजेल असा विचारणं ही दोन वेगळी कामं आहेत.

त्याच इंग्लंडमधली एक सोय मात्र मला फार मोलाची वाटते. घरातल्या कोणालाही स्वतःपुरता वेगळा फॉर्म मागता येत होता. गुपचूप भरायचा, घरच्यांना कळू न देता. घरच्यांनी त्याच्याबद्दल काहीही लिहिलेलं असो, त्याचं स्वतःचं उत्तर धरलं जाई. वाड्यातल्या त्या गॅलरीत अशी सोय असती तर.

सायंकाळी ४.३०

पर्यवेक्षक आले. फॉर्म मोजले, दोन ठिकाणी सह्या केल्या. रात्रीच्या मोजणीची जागा ठरली, स्टेशनच्या बाजूचा फूटपाथ. "डेरा राहिलाय ना तुमचा? दुपारी सापडायचे नाहीत त्या. दिवेलागणीला जा."

ताई दोनदा जाऊन आली होती. दोन्ही वेळेला कुलूप. दुपारी त्या बाजारात मंगतीला, म्हणजे पैसे मागायला, गेलेल्या असतात.

सायंकाळी ६.४५

डेरा. खाली भांड्यांचं दुकान, वर दोन खोल्या. जिना इतका अरुंद की पिशवी आधी पुढे करावी लागते. भिंतीला यल्लम्माची तसबीर, खाली परडी, हळदकुंकू. कोपऱ्यात शेगडीवर पिठलं. दारात सात जोड चपला.

डेऱ्यातल्या थोरल्या, अम्मा. त्यांनी ताईला प्लास्टिकची खुर्ची दिली, स्वतः सतरंजीवर बसल्या. साठीच्या असतील. नऊवारी नाही, साधी सुती गोल साडी, कपाळाला मोठं कुंकू. पाणी आलं. ताई प्यायली. दुसऱ्या खोलीच्या दारात उभी असलेली एक पोर ते बघत होती, ती आत जाऊन चहा ठेवायला लागली.

"यादी कशाला करताय?" अम्मांनी विचारलं. "पोलिसांना देणार?"

हा प्रश्न ताईला त्या गटात दुसऱ्या कोणी विचारला नव्हता. त्याला जुना आधार आहे. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्याचा एक अख्खा भाग हिजड्यांवर होता. त्यांची नावं आणि राहायचे पत्ते सरकारी नोंदवहीत. अशा नोंदलेल्या माणसाने बाईच्या वेशात बाहेर यायचं नाही, आलाच तर वॉरंटाशिवाय अटक. उत्तर हिंदुस्थानात त्याची अंमलबजावणी झाली. तो भाग १९११ मध्ये रद्द झाला. रद्द होऊन शंभर वर्षं झाली तरी डेऱ्यात यादी म्हटलं की आधी पोलीसच आठवतात.

ताईने पिशवीतून पुस्तिका काढली आणि कायद्याचं कलम वर्गात वाचावं तसं मोठ्याने वाचलं. ही नोंद कोणाला बघायला मिळत नाही. कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही.

"पोलिसालाही नाही?"

"नाही."

"बरं. लिही मग." माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हा कोण? भाऊ? ये, आत बस. तू पण लिही. आमचं कोणी लिहीत नाही."

प्रमुख कोण, यावर वाद नव्हता. अम्मा. नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात 'प्रमुख'. मग तिसरा रकाना आला आणि ताईचं पेन थांबलं. तिने मान वर केली.

"अम्मा, लिंग काय लिहू?"

"तुझ्या कागदात काय काय आहे?"

"पुरुष एक. स्त्री दोन. इतर तीन."

अम्मांनी विचार केला नाही. "मला तीन लिही. पहिल्यांदा ठेवलंय म्हणतेस ना सरकारने? मग लिही."

३.

दुसरी आतल्या खोलीतून आली, ओले हात पुसत. "मला दोन." अम्मांनी तिच्याकडे बघितलं. "मी बाई आहे, अम्मा. मला दोनच लिहायचंय." ताईने २ लिहिला. तिसरीने तीन सांगितलं. चौथीने दोन. पाचवी अम्मांकडे बघून, तीन. चहा करणाऱ्या पोरीने विचारलं, "तीन लिहिलं की काही मिळतं का?" ताई म्हणाली, "नाही. दोन लिहिलं तरी काही मिळत नाही." पोर हसली. "मग दोन."

सातवीला वेळ लागला. ती एका संस्थेत काम करते, वस्तीत फिरून एचआयव्हीची माहिती देते, कंडोम वाटते. महिना दीड हजार, कधी वेळेवर, कधी दोन महिन्यांचे एकदम. "रेशनकार्डावर मी पुरुष आहे. बँकेतही. इथे वेगळं लिहिलं तर तिथे अडकेल?"

"जनगणनेचा आणि रेशनचा काही संबंध नाही."

"नक्की?"

"नक्की."

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तरी एकच लिहा. उगाच नको."

१.

एका चुलीवर जेवणाऱ्या सात जणी. तीन तिघी, दोन तिघी, एक एकटी. ही सातही उत्तरं बरोबर होती. जनगणना कार्यालयाने पुढे आकडे दिले तेव्हा हेच सांगितलं: हा तृतीयपंथीयांचा आकडा नाही, ज्यांनी 'इतर' सांगितलं त्यांचा आहे, काही तृतीयपंथीयांनी पुरुष किंवा स्त्री असंही सांगितलं असेल. ही तळटीप फार कमी लोकांनी वाचली.

वेळ लागला तो दुसऱ्या रकान्यापाशी. प्रमुखाशी नातं. मुलगी, सून, बहीण, भाडेकरू, नोकर, सगळं लिहिता येतं. चेला लिहिता येत नाही. ताईने पर्यवेक्षकांना फोन लावला. मिनिटभर बोलणं झालं. रिचार्ज संपत आलाय म्हणून ती भरभर बोलत होती.

"असंबंधित लिहायला सांगतायत."

"म्हणजे?"

"म्हणजे नातं नाही."

अम्मांनी त्या दुसऱ्या जणीकडे हात केला. "ही तेरा वर्षांची असताना माझ्याकडे आली. गोवर निघाला तेव्हा मी रात्र रात्र बसले. मी मेले तर माझं सगळं हीच करणार. आणि नातं नाही?"

ताईने सहा वेळा 'असंबंधित' लिहिलं. तिची मान खाली होती.

पुढचे रकाने. वैवाहिक स्थिती. सहा जणी अविवाहित. चौथीचं गावी लग्न लावून दिलंय, बायको आहे, नांदत नाही. तिचंही लिहिलं. मग ताईने विचारलं, गेले वीस दिवस कुठे होतीस, गावी नाव लागलंय का? "लागलं असेल. बापाने भावांच्या रांगेत घातलं असेल, एक म्हणून." माणूस जिथे राहतो तिथेच मोजायचा, हा नियम. ताईने इथे मोजलं. गावच्या फॉर्मचं काय झालं असेल, ते ती इथे बसून बदलू शकत नव्हती.

मग काम. गेल्या वर्षभरात काम केलं का? काम करत नसलेल्यांसाठी वेगळे संकेतांक आहेत: विद्यार्थी, घरकाम, अवलंबून, निवृत्तिवेतनधारक, भाड्याव्याजावर जगणारा. सहावा, भिकारी.

"सहा नको लिहू," अम्मा म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पोर झालं की नाचतो, आशीर्वाद देतो, त्याचे घेतो. दुकानात टाळी वाजवतो, त्याचे घेतो. आज पाच जणी सकाळी दहापासून उन्हात फिरल्या. किती आले गं?"

"दोनशे सत्तर."

"पाच जणींचे दोनशे सत्तर. त्यात बसला गेले, दुपारचं खाणं गेलं. पाय बघ तिचे. हे काम नाही तर काय?"

ताईने पाय बघितले. टाचांना भेगा, एका बोटाला चिंधी. ती काम करणाऱ्यांच्या रकान्यात गेली आणि व्यवसायाच्या जागी लिहिलं, 'बधाई, नाच-गाणं'. कार्यालयात त्याला कोणता संकेतांक लागला, ते तिला कधी कळणार नाही. एवढं तिच्या हातात होतं, ते तिने केलं.

दुसऱ्या घरी वीस मिनिटं पुरतात. इथे दीड तास गेला. निघताना अम्मांनी ताईच्या हातात रुपयाचं नाणं ठेवलं, कपाळाला हात लावून. त्यांचा आशीर्वादाचा रुपया. ताईने तो पदराला बांधला.

रात्री ९.००

घरी. भात, आमटी, कोबी. जेवताना ताई एक शब्द बोलली नाही. हात धुऊन पुन्हा टेबल पुसलं, फॉर्म मांडले, आकडे जुळवले. आईने विचारलं, "संपलं का एकदाचं?" ताईने मान हलवली. स्वेटर काढला, बॅटरी पाहिली. सेल नवे, चोवीस रुपये. खर्चाच्या पानावर एक ओळ वाढली.

रात्री ११.३०

स्टेशनकडे रिक्षा. चाळीस रुपये, रात्रीचे म्हणून. बेघरांची मोजणी एकाच रात्रीत करायची, सगळ्या देशात, म्हणजे कोणी दोनदा मोजला जाणार नाही. तीन प्रगणक, एक पर्यवेक्षक, एक पोलीस. पोलिसाला लांब उभं राहायला सांगितलं, नाहीतर लोक उठून जातात.

फूटपाथभर गोधड्या. काही जण स्टेशनवर हमाली करतात, काही कचरा वेचतात, एक अख्खं कुटुंब परभणीहून बांधकामावर आलेलं. ताई प्रत्येकापाशी उकिडवी बसते. बॅटरी चेहऱ्यावर मारत नाही, कागदावर धरते. "उठू नका. सरकारी मोजणी आहे. नाव सांगा फक्त."

चादर डोक्यावरून घेतलेली. अंधार. नाव पुटपुटलेलं, अर्धं कळतं, अर्धं नाही. दुपारी तिसरा रकाना न विचारता भरणाऱ्या ताईला इथे प्रत्येकाला विचारावं लागलं.

"काय लिहू? पुरुष, स्त्री, इतर?"

कोणी भांडलं नाही. कोणी चिडलं नाही. "पुरुष." "बाईमाणूस." एकाने चादर न काढता विचारलं, "इतर पण आहे?" ताई म्हणाली, "आहे." जरा वेळ शांतता. मग चादरीतून उत्तर आलं. ते काय होतं ते लिहीत नाही.

मला त्या फूटपाथवर पटलं ते असं. तिन्ही पर्याय सगळ्यांना सारखेच वाचून दाखवले तर कोणाकडे बोट दाखवल्यासारखं होत नाही. 'तुमच्यात कोणी तसं आहे का?' हा प्रश्न अपमानाचा. 'पुरुष, स्त्री की इतर?' हा प्रश्न साधा. तो विचारायला दोन सेकंद लागतात.

पहाटे ३.४०

शेवटचा फॉर्म. ताईचे गुडघे धरलेत, उठताना माझा हात धरला. चहावाला आलाय. तीन चहा, पंधरा रुपये. संदर्भाचा क्षण मध्यरात्रीच उलटून गेला: १ मार्च २०११, शून्य तास. ५ तारखेपर्यंत फेरतपासणी आहे, मधल्या काळात जन्म-मृत्यू झाले ते बघायचे. पण आधी ७.१५ ची शाळा.

नंतर

३१ मार्चला पहिले आकडे आले. अंतिम आकडा पुढे ठरला: भारताची लोकसंख्या १,२१,०८,५४,९७७. पुरुष ६२,३२,७०,२५८. स्त्रिया ५८,७५,८४,७१९. बेरीज करून बघा. ती तंतोतंत जुळते. म्हणजे मुख्य तक्त्यात अम्मांना स्वतंत्र जागा नाही. त्या दोहोंपैकी एका आकड्यात मिसळल्यात. 'इतर' वेगळ्या तक्त्यात आले: देशात ४,८७,८०३, महाराष्ट्रात ४०,८९१. त्यांतली साक्षरता ५६ टक्क्यांच्या आसपास, तेव्हा देशाची होती ७३. आणि त्यांत सहा वर्षांपर्यंतची मुलं ५४,८५४. त्या वयाचं मूल प्रगणकाला काही सांगत नाही. ते तीन कोणीतरी दुसऱ्यानेच लिहवलं, किंवा ती चूक आहे.

१५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या हक्कांवरच्या नाल्सा खटल्यात निकाल दिला: आपली लिंगओळख ठरवायचा हक्क ज्याचा त्याचा. २०१९ मध्ये तृतीयपंथीयांच्या हक्कांचा कायदा आला. २०२१ ची जनगणना झाली नाही. त्यामुळे शिष्यवृत्ती असो की निवारागृह, मोजायला अजूनही तोच २०११ चा आकडा काढला जातो, ज्यात डेऱ्यातल्या सातांपैकी तिघीच आहेत आणि वाड्यातलं ते पोर नाही.

आता पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. या वेळी फॉर्म मोबाइलवर आहे, आणि घरच्या घरी स्वतः भरायचीही सोय आहे. म्हणजे अनेक घरांत प्रगणकाच्या जागी तुम्हीच बसणार आहात, घरातला एक जण, हातात फोन, सगळ्यांची उत्तरं देणारा. तिसऱ्या रकान्यापाशी आलात की थांबा. प्रत्येकाला विचारा, एकेकट्याला विचारा, आणि तो जे सांगेल तेच भरा. प्रगणक म्हणून दारात जाणार असाल तर तिन्ही पर्याय वाचा, प्रत्येक दारात, प्रत्येक माणसासाठी. बघून लिहू नका.